छोट्या-मध्यम संस्थेसाठी व्हीपीएन: फायदा कशात आहे आणि उभारणी कशी करावी

मोबाइलवर व्हीपीएनच्या (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी, कूटबद्ध मार्ग) ज्या जाहिराती दिसतात त्या ओळख लपवण्याचे आणि परदेशातील कार्यक्रम पाहण्याचे आमिष दाखवतात. संस्थेला लागणारा व्हीपीएन तंत्राने त्याच कुळातला असला तरी त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते. ज्याची ओळख पटलेली आहे अशाच माणसाला आणि अशाच यंत्राला संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये येऊ द्यावे, आणि बाहेरच्या कोणालाही आतल्या सर्व्हरपर्यंत हात पोचवता येऊ नये, एवढेच त्याने करायचे असते. हे काम नीट झाले तर त्याचा फायदा मोठा आहे. अर्धवट झाले तर संस्थेने स्वतःच्या पैशाने चोराला रस्ता करून दिल्यासारखे होते. म्हणून या लेखात फायद्यांइतकाच भर उभारणीच्या क्रमावर दिला आहे.

लेख साधारण १५ ते १५० माणसांच्या संस्थेला उद्देशून आहे, जिथे एखादा आयटी पाहणारा कर्मचारी आहे किंवा बाहेरचा व्हेंडर हे काम सांभाळतो. समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक नमुना घेऊ: चाकण एमआयडीसीत कारखाना आणि तिथेच सर्व्हर, पुण्यात शिवाजीनगरला विक्री व हिशेबाची कचेरी, नाशिकला गोदाम, आणि चार-पाच माणसे अधूनमधून घरून काम करणारी. पतसंस्था, शिक्षणसंस्था किंवा सीए फर्म असली तरी आराखडा फारसा बदलत नाही.

फायदा नेमका कशात आहे

अशा संस्थेत बाहेरून काम करण्याची गरज पडली की राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून (म्हणजे त्या सेवेचा क्रमांकित दरवाजा बाहेरून उघडून) सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे त्याचा पडदा दुरून वापरण्याची सोय, थेट इंटरनेटवर उघडा करणे हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत घाईघाईने अनेक ठिकाणी हेच केले गेले आणि त्यांतले काही पोर्ट पुढे तसेच उघडे राहिले. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा ठरलेला पोर्ट जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस चाचपत असतात, आणि पोर्टचा क्रमांक बदलला तरी तो त्यांना सापडतोच. पासवर्डचा अंदाज बांधून आत शिरणे हा एक धोका झाला. दुसरा त्याहून गंभीर आहे: मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीत विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये पासवर्डाशिवायच शिरकाव करता येत होता, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. व्हीपीएन आला की हा उघडा पोर्ट बंद करता येतो. माझ्या मते संस्थेला व्हीपीएनपासून मिळणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि बाकीचे सगळे त्यानंतर येतात.

हाच विचार कारखान्यातल्या इतर यंत्रांना अधिकच लागू पडतो. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, मशीन चालवणारा पीएलसी (छोटा नियंत्रक संगणक), जुना ईआरपी (साठा, खरेदी, विक्री एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), वजनकाट्याला जोडलेला संगणक या वस्तू बनवताना त्या कधी इंटरनेटवर येतील असे फारसे कोणी गृहीत धरलेले नसते. त्यांतल्या कित्येकांचा संवाद कूटबद्ध नसतो, कित्येकांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असतो, आणि काहींना तर सुधारित सॉफ्टवेअर मिळणेच बंद झालेले असते. ही यंत्रे रातोरात बदलणे परवडत नाही. त्यांना व्हीपीएनच्या आड ठेवणे मात्र परवडते.

खर्चाचा भागही आहे. पूर्वी दोन शाखा जोडायच्या म्हणजे टेलिकॉम कंपनीकडून दोन टोकांमधली खास लीज लाइन किंवा एमपीएलएस (कंपनीच्या खासगी जाळ्यातून जाणारी) जोडणी घ्यावी लागे. आता फायबर ब्रॉडबँडवर शाखा-शाखांमध्ये व्हीपीएन उभारून तेच काम पुष्कळ कमी मासिक खर्चात होते. ब्रॉडबँडला लीज लाइनसारखी सेवेची लेखी हमी नसते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शने घेऊन ती उणीव भरून काढावी. याशिवाय एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: सगळ्यांची विशिष्ट वाहतूक कचेरीच्या एकाच स्थिर आयपीवरून (इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्यावरून) बाहेर पडत असेल, तर क्लाउडवरच्या सर्व्हरला किंवा डेटाबेसला ‘फक्त याच पत्त्यावरून आलेल्याला आत घे’ असे सांगता येते.

व्हीपीएन कशापासून वाचवत नाही हेही आधीच समजून घ्यावे. हिशेबनिसाने फसव्या ईमेलमधली फाइल उघडली तर व्हीपीएन काही करू शकत नाही. त्याच्या लॅपटॉपवरचा व्हायरस टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या कूटबद्ध मार्गातून, सुखरूप सर्व्हरपर्यंत पोचतो. बॅकअपची गरजही त्याने कमी होत नाही. आणि ज्या संस्थेचे सारे काम क्लाउडवरच्या ईमेलवर, ऑनलाइन हिशेबप्रणालीवर आणि जीएसटी पोर्टलवर चालते, कचेरीत सर्व्हर म्हणून काही नाहीच, तिने व्हीपीएनवर पैसे घालण्याआधी त्या सेवांचे दोन टप्प्यांचे लॉगिन चालू करावे. तिचा खरा दरवाजा तिथे आहे.

पहिली पायरी: कोणाला काय लागते याची यादी

कोणतेही उपकरण विकत घेण्याआधी एक तक्ता बनवावा. उभ्या रकान्यात माणसे किंवा भूमिका, आडव्या ओळीत सेवा, आणि जिथे खरोखर गरज आहे तिथेच खूण. पुण्यातल्या हिशेब विभागाला टॅलीचा सर्व्हर लागतो, पण सीसीटीव्ही लागत नाही. गोदामाला ईआरपीतला साठ्याचा भाग लागतो. मेंटेनन्स इंजिनिअरला पीएलसीपर्यंत पोचावे लागते, पण तेही कदाचित फक्त बिघाडाच्या वेळी. बाहेरच्या सॉफ्टवेअर व्हेंडरला एकच सर्व्हर, तोही ठरवलेल्या दिवशीच लागतो. मालकांना ‘सगळे’ हवे असते. त्यांना आदराने विचारावे की गेल्या महिन्यात त्यांनी घरून नेमके काय उघडले होते, आणि मग ते ‘सगळे’ बहुधा दोन-तीन गोष्टींवर येते. पुढच्या सहाव्या पायरीत हाच तक्ता फायरवॉलचे (नेटवर्कमधली ये-जा अडवणाऱ्या चौकीचे) नियम होणार आहे, म्हणून तो करताना घाई करू नये.

दुसरी पायरी: पत्त्यांची आखणी

व्हीपीएनच्या उभारणीत सर्वाधिक वेळ खाणारी अडचण बहुतेकदा इथे दडलेली असते. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० या गटातले पत्ते वाटतात. कचेरीनेही तोच गट वापरला, तर घरी बसलेल्या माणसाचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० हा पत्ता शोधताना कचेरीच्या सर्व्हरऐवजी स्वतःच्या घरातच शोधत बसतो. टनेल जोडलेले दिसते, सर्व्हर मात्र उघडत नाही, आणि दोष व्हीपीएनला दिला जातो. दोन शाखांचे गट सारखे असतील तर त्या शाखा सरळ मार्गाने जोडताच येत नाहीत.

खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांमध्ये १० ने सुरू होणारा गट सर्वांत मोठा आहे. त्यातला मधला एखादा भाग निवडावा. उदाहरणार्थ, चाकणसाठी १०.४७.१.०/२४, पुण्यासाठी १०.४७.२.०/२४, नाशिकसाठी १०.४७.३.०/२४ आणि घरून जोडणाऱ्यांसाठी १०.४७.५०.०/२४. प्रत्येक गटात २५४ यंत्रे बसतात, जे अशा संस्थेला पुरेसे आहे. सीसीटीव्ही आणि यंत्रांसाठी वेगळा गट व वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे केलेले नेटवर्क) करता आला तर उत्तम. पत्ते बदलण्याचे काम सुटीच्या दिवशी करावे, कारण प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र आणि टॅलीच्या लायसन्सचा सर्व्हर यांत जुने पत्ते हाताने भरलेले असतात आणि ते एकेक करून शोधावे लागतात.

तिसरी पायरी: इंटरनेटचे कनेक्शन तपासणे

मध्यवर्ती ठिकाणी, म्हणजे आपल्या नमुन्यात चाकणला, बाहेरून पोचता येईल असा सार्वजनिक आयपी पत्ता हवा. अनेक ब्रॉडबँड आणि जवळजवळ सर्व मोबाइल कनेक्शनांवर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देते. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (म्हणजे बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर बाहेरून कोणीही तुमच्यापर्यंत थेट येऊ शकणार नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागून घेणे. व्यावसायिक प्लॅनवर तो थोड्या जादा शुल्कात मिळतो. तो मिळत नसेल तर क्लाउडवर, शक्यतो मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्याला मध्यबिंदू करावे. मग चाकण, पुणे, नाशिक आणि घरचे लॅपटॉप हे सगळे बाहेरच्या दिशेने त्याला जोडले जातात आणि कोणालाही सार्वजनिक पत्ता लागत नाही. कंपनीने बसवलेले फायबरचे उपकरण स्वतःच राउटरचे काम करत असेल आणि तुमचा फायरवॉल त्याच्या मागे असेल, तर ते उपकरण ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचे काम फायरवॉलकडे सोडून) टाकून घ्यावे.

कनेक्शन घेताना सगळे डाउनलोडचा वेग पाहतात. व्हीपीएनमध्ये सर्व्हर असलेल्या ठिकाणचा अपलोड वेग महत्त्वाचा असतो, कारण घरच्या माणसाचे डाउनलोड म्हणजे कचेरीचे अपलोड. अपलोड २० एमबीपीएस असेल तर १ जीबीची फाइल घरी न्यायला, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, जवळजवळ ७ मिनिटे लागतात.

चौथी पायरी: तंत्राची निवड

आधी जे घेऊ नये ते. पीपीटीपी हे १९९० च्या दशकातले तंत्र अजूनही कित्येक राउटरांच्या मेनूमध्ये दिसते आणि ‘दोन मिनिटांत चालू होते’ म्हणून सुचवले जाते. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ मध्येच जाहीरपणे मोडून दाखवली गेली आहे. ते कोणत्याही कारणाने वापरू नये.

शाखा ते शाखा जोडणीसाठी आयपीसेक, त्यातही आयकेई आवृत्ती २, ही जुनी आणि विश्वासाची निवड आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे फायरवॉल एकमेकांशी याच भाषेत बोलतात. त्यासाठी युडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात (युडीपी आणि टीसीपी या माहितीची पाकिटे पाठवण्याच्या दोन पद्धती). वायरगार्ड हे त्यामानाने नवे तंत्र आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्स कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत सामील झाले. त्याची मांडणी आटोपशीर आहे, वेग चांगला आहे, आणि त्याचा एक गुण संस्थेच्या दृष्टीने मोलाचा आहे: ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते काहीही उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे; थोडे जड आहे, पण टीसीपी ४४३ वरून चालवता येते. हॉटेल किंवा ग्राहकाच्या कचेरीतले वायफाय युडीपी अडवते तिथे वायरगार्ड जुळत नाही आणि ओपनव्हीपीएनचा हा आडमार्ग कामी येतो. टीसीपीच्या आत टीसीपी चालवल्याने खराब लाइनवर वेग फार घसरतो, म्हणून तो राखीवच ठेवावा.

ब्राउझरवर चालणारे तयार एसएसएल-व्हीपीएन अनेक फायरवॉल उपकरणांत मिळतात आणि वापरायला सोपे असतात. त्यांचा गेल्या काही वर्षांतला इतिहास मात्र चांगला नाही. जानेवारी २०२४ मध्ये इवान्टी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतल्या त्रुटींचा गैरवापर होऊ लागल्यावर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या केंद्रीय कार्यालयांना ती उपकरणे ४८ तासांत नेटवर्कपासून तोडण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात नॉर्वेच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने एसएसएल-व्हीपीएन सोडून आयपीसेककडे वळण्याची शिफारस केली. तुमच्या फायरवॉलमध्ये दोन्ही पर्याय असतील तर आयपीसेक निवडावा आणि एसएसएल-व्हीपीएनचे पोर्टल बंद करून टाकावे.

आपल्या नमुन्यासाठी माझी निवड अशी राहील: तिन्ही ठिकाणांच्या फायरवॉलांमध्ये आयपीसेक, आणि घरून जोडणाऱ्यांसाठी वायरगार्ड. फायरवॉल वायरगार्ड चालवू शकत असतील तर दोन्हींसाठी तेच वापरणेही योग्यच.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष उभारणी

वायरगार्डमध्ये प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची एक जोडी असते: एक खासगी, एक सार्वजनिक. खासगी किल्ली ज्या यंत्रावर तयार झाली तिथून कधीही बाहेर जाऊ नये. व्हेंडर सगळ्यांच्या फाइली स्वतःच्या लॅपटॉपवर बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. सोय म्हणून हे समजण्यासारखे असले तरी त्या क्षणापासून ती किल्ली दोन फोनांत, एका लॅपटॉपवर आणि कदाचित कोणाच्या तरी ऑनलाइन बॅकअपमध्ये राहते. किल्ली त्या-त्या लॅपटॉपवरच बनवावी आणि फक्त सार्वजनिक किल्ली कचेरीकडे पाठवावी.

सर्व्हरच्या बाजूला प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद असावी आणि त्याला एकच ठरावीक पत्ता द्यावा. ‘हिशेब विभाग’ अशी एकच किल्ली पाच जणांत वाटू नये. ती वाटली की नोंदींमध्ये माणूस ओळखता येत नाही, आणि दोन यंत्रे एकाच वेळी जोडली गेली तर दोघांचेही काम अडखळते. घरून जोडणाऱ्यांसाठी फायरवॉलवर बाहेरून फक्त वायरगार्डचा युडीपी पोर्ट, जो ठरलेला ५१८२० आहे, उघडावा. घरच्या राउटरच्या मागे असलेल्या लॅपटॉपवरून टनेल जिवंत राहावे म्हणून दर २५ सेकंदांनी हजेरी देणारी सेटिंग चालू ठेवावी.

विंडोजवर एक बारकावा आहे. वायरगार्डचे टनेल चालू-बंद करायला साधारणपणे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. यावर वैतागून सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकणे हा वाईट मार्ग. रजिस्ट्रीतली एक नोंद करून ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ या गटातल्या वापरकर्त्यांना तेवढेच बटण देता येते. व्हेंडरकडून हे आधीच करून घ्यावे.

जुना ३३८९ चा पोर्ट फॉरवर्ड इथे, याच दिवशी, काढावा. ‘व्हीपीएन नीट बसेपर्यंत दोन्ही असू दे’ असे म्हणून ठेवलेला पोर्ट वर्षभर तसाच राहतो आणि केलेला सगळा खर्च वाया जातो.

सहावी पायरी: आत आल्यावर कुठे जाता येईल

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत आलेला माणूस थेट माजघरात जाऊ शकत नसे. चौक, ओसरी, सोपा ओलांडताना त्याला कोणीतरी विचारी. तशी विचारणा नेटवर्कच्या आतही हवी. बहुतेक ठिकाणी व्हीपीएनने जोडलेल्या माणसाला सारे नेटवर्क खुले असते, कारण तसे ठेवले की तक्रारी येत नाहीत.

याची किंमत काय होते याचे सर्वज्ञात उदाहरण अमेरिकेतले आहे. मे २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ ४५ टक्के इंधन वाहून नेणारी ही वाहिनी कंपनीला काही दिवस बंद ठेवावी लागली आणि ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून दिले गेले. चोर आत आले होते ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याला दोन टप्प्यांचे लॉगिन नव्हते, आणि त्याचा पासवर्ड चोरीच्या पासवर्डांच्या साठ्यात सापडला. उपकरणात त्रुटी नव्हती, कूटलेखन कोणी तोडले नव्हते. म्हणजे या पायरीतली मर्यादा, सातव्या पायरीतले दुसरे कुलूप आणि दहाव्या पायरीतली खाती बंद करण्याची शिस्त, तिन्ही एकाच घटनेत कमी पडली.

म्हणून पहिल्या पायरीतला तक्ता आता फायरवॉलवर उतरवावा. १०.४७.५० च्या गटातून येणाऱ्या सगळ्याला आधी सरसकट मनाई, आणि मग एकेक परवानगी: हिशेबाच्या चार पत्त्यांना टॅलीच्या सर्व्हरवर फक्त रिमोट डेस्कटॉप, मेंटेनन्स इंजिनिअरला फक्त पीएलसीच्या गटाशेजारचा एक संगणक, व्हेंडरला त्याचा एक सर्व्हर. एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या फाइलीत ‘कोणते पत्ते टनेलमधून जावेत’ हे लिहिलेले असते आणि काही जण त्यालाच मर्यादा समजतात. ती फाइल लॅपटॉपवाला बदलू शकतो. मर्यादा कचेरीच्या फायरवॉलवरच असली पाहिजे.

टॅलीबद्दल थोडे अधिक, कारण बहुतेक कचेऱ्यांमध्ये व्हीपीएनची मागणी त्याच्यामुळेच येते. घरच्या संगणकावर टॅली टाकून कचेरीच्या सर्व्हरवरचे डेटा फोल्डर टनेलमधून उघडण्याचा प्रयत्न करू नये. असा प्रोग्रॅम प्रत्येक पडद्यासाठी शेकडो छोट्या विचारणा करतो. एका विचारणेला ३० मिलिसेकंद धरले आणि एखाद्या अहवालाला २,००० विचारणा लागल्या, तर केवळ जाण्यायेण्यातच १ मिनिट जाते, लाइन कितीही मोठी असो. मध्येच टनेल तुटले तर डेटा बिघडण्याचीही भीती असते. टॅली कचेरीतल्या यंत्रावरच चालवावी आणि टनेलमधून फक्त पडदा दिसावा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप वापरावा. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी काम करायचे असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची रिमोट डेस्कटॉपची लायसन्से लागतात. साध्या विंडोजला ‘पॅच’ मारून पाच जणांना बसवणारे कारागीर बाजारात आहेत. ते लायसन्सच्या अटींच्या विरुद्ध आहे, आणि पुढच्या विंडोज अपडेटला, बहुधा जीएसटी भरण्याच्या शेवटच्या दिवशी, ते बंद पडते.

सातवी पायरी: दुसरे कुलूप

आयपीसेक किंवा ओपनव्हीपीएनला पासवर्डासोबत मोबाइल अ‍ॅपमधला सहा अंकी कोड जोडता येतो; तो सगळ्यांना, मालकांनाही, सक्तीचा करावा. वायरगार्डमध्ये पासवर्ड किंवा कोड विचारण्याची सोय मुळातच नाही. ते यंत्राला ओळखते. यंत्रासमोर कोण बसले आहे हे त्याला कळत नाही. त्यामुळे वायरगार्ड निवडल्यास दोन गोष्टी कराव्यात: लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध करावी, ज्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड रिमोट डेस्कटॉपच्या किंवा ईआरपीच्या लॉगिनवर लावावा. वायरगार्डवर वापरकर्त्याची ओळख तपासणारा थर चढवलेली तयार उत्पादनेही मिळतात. माणसे ३०-४० च्या पुढे गेली की त्यांचा विचार करावा. घरचा, मुलांनी खेळांसाठी वापरलेला संगणक मात्र व्हीपीएनला जोडू देऊ नये.

आठवी पायरी: सगळी वाहतूक की निवडक

घरी बसलेल्याची सारी इंटरनेट वाहतूक कचेरीतून फिरवायची की फक्त कचेरीच्या पत्त्यांची, हे ठरवावे लागते. सारी फिरवली तर नियंत्रण वाढते, पण एकाने घरी चित्रफीत लावली की चाकणच्या लाइनवर दुप्पट भार पडतो आणि ऑनलाइन बैठका अडखळतात. बहुतेक लहान संस्थांना निवडक वाहतूक पुरते. क्लाउडवरच्या ज्या सेवा कचेरीच्या स्थिर आयपीपुरत्या मर्यादित केल्या आहेत, त्यांचे पत्ते यादीत घालावेत. सारी वाहतूक फिरवण्याचे ठरवलेच, तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) विसरू नये: भारतात अनेक कनेक्शनांवर ते चालू असते, आणि टनेल फक्त आयपीव्ही४ साठी असेल तर उरलेली वाहतूक गुपचूप बाहेरूनच जाते.

नववी पायरी: चाचणी

सुरुवात दोन-तीन माणसांपासून करावी, आणि त्यांत एक तरी असा असावा ज्याला संगणकाची विशेष आवड नाही; खऱ्या अडचणी त्याच्याकडूनच कळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहावे. परवानगी नसलेला सर्व्हर उघडतो का हेही मुद्दाम तपासावे, कारण चालते ते सगळे पाहतात आणि चालू नये ते कोणीच पाहत नाही. बाहेरच्या कनेक्शनवरून कचेरीच्या सार्वजनिक पत्त्याचे पोर्ट स्कॅन करून ३३८९ आणि सीसीटीव्हीचे पोर्ट खरोखर बंद असल्याची खात्री करावी.

पिंग जाते, लॉगिनचा पडदा येतो, पण मोठी फाइल किंवा पान मध्येच लटकते, असे झाले तर पाकिटाचा आकार मोठा पडतो आहे असे समजावे. वायरगार्डमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, बहुधा १४२० असतो. तो १३८० आणि तरीही अडले तर १२८० करून पाहावा.

पुणे परिसरात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते. एका गुरुवारी यूपीएसची बॅटरी संपू द्यावी आणि वीज परत आल्यावर सर्व्हर, फायरवॉल आणि टनेल कोणी हात न लावता आपोआप उभे राहतात का ते पाहावे. सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ ही सेटिंग नसेल तर सुटीच्या दिवशी कोणाला तरी फक्त बटण दाबायला चाकणला जावे लागते.

दहावी पायरी: चालवणे, नोंदी आणि कायदा

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व इतर संस्थांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात, आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. ग्राहकांची माहिती ५ वर्षे साठवण्याची जी तरतूद तेव्हा गाजली, ती सर्वसामान्यांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. संस्थेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचा व्हीपीएन तिच्यात येत नाही, असे सर्ट-इनने नंतर स्पष्ट केले. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा उपाय न केल्याने माहिती फुटल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून सगळ्या यंत्रांची घड्याळे एकाच वेळेला जुळलेली हवीत. निर्देशांत त्यासाठी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे वेळ-सर्व्हर सुचवले आहेत. वायरगार्ड स्वतः फारशा नोंदी ठेवत नाही, म्हणून त्या फायरवॉलवर चालू करून दुसऱ्या यंत्रावर साठवाव्यात.

फायरवॉलच्या सॉफ्टवेअरचे अपडेट आले की ते आठवड्याच्या आत लावावे, आणि गंभीर त्रुटीची सूचना असेल तर त्याच दिवशी. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचा पगार, पीएफ, चाव्या यांच्या यादीत व्हीपीएनची किल्ली रद्द करण्याची ओळ असावी. लॅपटॉप हरवल्याचे रात्री अकराला कळले तर कोणाला फोन करायचा, हे सगळ्यांना ठाऊक असावे. दर तीन महिन्यांनी नावांची यादी विभागप्रमुखांसमोर ठेवावी. ज्या नावाची जबाबदारी कोणी घेत नाही ते तिथल्या तिथे काढावे.

शेवटचे काम व्हेंडरचे बिल चुकते करण्यापूर्वीचे आहे. फायरवॉलचा अ‍ॅडमिन पासवर्ड, सेटिंगांचा बॅकअप, पत्त्यांचा तक्ता आणि स्टॅटिक आयपी ज्या नावावर घेतला आहे ते खाते, हे चारही संस्थेच्या ताब्यात आणि संस्थेच्याच ईमेलवर आले पाहिजेत. ते आल्यावर संस्थेतल्याच कोणी त्या बॅकअपवरून दुसऱ्या उपकरणावर सेटिंग चढवून पाहावे, व्हेंडरला समोर बसवून, आणि मगच चेकवर सही करावी.